केलेल्या कामाची नोंद

वऱ्हाडात कामाचा गाजावाजा करण्याची रीत नाही. संत गाडगेबाबा गावात पाऊल ठेवताच हाती खराटा घेत आणि दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तनास उभे राहत. तिवसा तालुक्यातील मोझरी येथील गुरुकुंज आश्रमातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामसेवेचा जो संस्कार दिला, त्यातही मिरविण्याला स्थान नाही. या संस्काराचे मोल मोठे आहे. परंतु त्यातून एक गैरसमजही रूढ झाला आहे. चांगले काम वरिष्ठांना आपोआप दिसते, ते लिहिण्याचे कारण नाही, असे अनेक कर्मचारी मानतात. त्याची किंमत त्यांना पदोन्नतीच्या वेळी मोजावी लागते.

समितीपुढे कागदच बोलतो

पदोन्नतीचा विचार करणाऱ्या समितीतील सदस्यांनी संबंधित कर्मचाऱ्याला पाहिलेले असतेच असे नाही. त्यांच्यापुढे असतात ते मागील काही वर्षांचे गोपनीय, म्हणजेच कार्यमूल्यमापन, अहवाल. अहवालाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. कर्मचाऱ्याने प्रथम स्वतःच्या कामाचे विवरण द्यावयाचे, त्यावर प्रतिवेदन अधिकाऱ्याने अभिप्राय नोंदवावयाचा आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्याने तो तपासावयाचा, असा हा क्रम आहे. मधल्या काळात अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. ज्यांनी काम पाहिले ते निघून जातात. मागे राहतो तो लेखच.

एका शब्दाने काय घडू शकते, हे सीमा सडक संघटनेतील देव दत्त या कार्यकारी अभियंत्याच्या प्रकरणावरून दिसून येते. अधीक्षक अभियंतापदासाठी 'अतिशय चांगला' ही प्रतवारी आवश्यक होती. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता आणि तो त्यांना कळविण्यातच आला नव्हता. वरवर प्रशंसेचा वाटणारा हा शब्दच पदोन्नतीच्या आड आला. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये निर्णय दिला, की शेरा प्रतिकूल असो वा अनुकूल, तो संबंधितास कळविलाच पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व कायम केले. न्याय मिळाला खरा. पण तोपर्यंत देव दत्त सेवानिवृत्त झाले होते.

विवरण कसे असावे

उदाहरणादाखल, तिवसा पंचायत समितीतील एखादा विस्तार अधिकारी आपल्या विवरणात लिहितो : 'शाळाभेटी दिल्या व शिक्षकांना मार्गदर्शन केले.' या वाक्यावरून प्रतिवेदन अधिकाऱ्यास काहीच ठरविता येत नाही. त्याऐवजी, किती मुले शाळेबाहेर होती, पालकांच्या भेटी कोणत्या महिन्यांत घेतल्या, त्यांपैकी किती मुले वर्षअखेर वर्गात टिकली आणि उरलेली का टिकली नाहीत, हे त्याने लिहिल्यास तेच काम डोळ्यांपुढे उभे राहते. स्वतःची स्तुती करणारे एकही विशेषण त्यासाठी लागत नाही.

असे विवरण मार्चअखेरीस घाईने आठवून लिहिता येत नाही. महिन्याच्या शेवटी दैनंदिनीवरून चार ओळींचे टिपण काढून ठेवणे हा सोपा उपाय होय. टिपणात जावक क्रमांक, तपासणी अहवाल आणि सभेच्या इतिवृत्ताचा दिनांक नमूद असावा. सहकाऱ्यांचा वाटा स्पष्टपणे लिहावा. त्याने आपले श्रेय घटत नाही, उलट विधानाची विश्वसनीयता वाढते. न झालेल्या कामाची कारणेही त्यात यावीत. अहवालातील शेरा कळविण्यात आल्यावर तो वाचून, मान्य नसल्यास विहित मुदतीत निवेदन द्यावे. तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे.

नोंद आणि प्रसिद्धी

काम दाखविणे म्हणजे हारतुरे घेणे किंवा शिफारशी आणणे नव्हे. सेवाविषयक बाबींत राजकीय वा अन्य बाहेरचा दबाव आणण्यास महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये मनाई आहे. प्रसिद्धी कामाचा डांगोरा पिटते; नोंद तपासणीला तयार असते. दोहोंतील हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे संकोचाचे कारण उरत नाही.

ग्रामपंचायतींना हा अनुभव नवा नाही. २०००-०१ पासून सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात तपासणी समित्यांनी गावोगावी जाऊन गुण दिले. ज्या संताने खराट्याचा कधी हिशेब ठेवला नाही, त्याच्याच नावाच्या अभियानात गावांनी आपले काम तपासणीसाठी पुढे मांडले आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. पंचायत सदस्यांनीही आपल्या गावात चांगले काम करणाऱ्या शिक्षकाची वा कर्मचाऱ्याची दखल ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्यावी. तो कर्मचारी बदलून गेला तरी त्याच्या कामाची साक्ष गावाच्या दप्तरी राहील आणि त्याच्या जागी येणाऱ्याला काम कोठून पुढे न्यावयाचे हेही कळेल.