एक डोंगर, दोन पोटं

तळीये हे नाव २२ जुलै २०२१ च्या दरडीने महाराष्ट्रभर पोचलं. आज बोलायचंय ते महाड-पोलादपूरच्या याच डोंगरांत झाडांवर नांदणाऱ्या दोन बिऱ्हाडांविषयी. एक काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर. दुसरं लालसर तोंडाचं माकड, ज्याच्या डोक्यावरचे केस भांग पाडून टोपी घातल्यासारखे बसलेले असतात. दोघांची पोटं वेगळी, आणि बाकीची बरीचशी भानगड तिथूनच सुरू होते.

वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं. सूक्ष्मजीव तिथे पाला आंबवतात. गाईसारखंच, फक्त रवंथ नाही. त्यामुळे जून पानं आणि कच्ची फळं त्याला चालतात, पाण्याची गरजही बरीचशी पाल्यातूनच भागते. पचायला मात्र वेळ लागतो. भर दुपारी फांदीवर पाय सोडून बसलेल्या वानराला आळशी म्हणू नका, त्याचं काम आत चालू असतं.

माकडाकडे असलं पोट नाही, पण गालांत दोन पिशव्या आहेत. आधी कोंबायचं, मग सुरक्षित फांदी गाठून निवांत चावायचं. वरंधा घाटात वाघजाईजवळ भजी खायला थांबलात, तर या पिशव्या भरताना जवळून बघायला मिळतील. माकडांचं मागणंही साधंसुधं नाही. कर्नाटकातल्या बंडीपूरमध्ये अभ्यासकांनी पाहिलं, की ती माणसाकडे बघून एक खास मऊ आवाज काढतात आणि हात पुढे करतात. म्हणजे आपण बघतोय की नाही, याचाही हिशेब असतो!

शेपटीला लोंबकळणारं माकड पुस्तकातल्या चित्रात ठीक. ती करामत दक्षिण अमेरिकेतल्या काही माकडांची. आपल्या दोघांची शेपटी तोल सांभाळते, पकड घेत नाही. उलट बुडावरचे घट्टे जास्त कामाचे, कारण त्यांच्या जोरावर दोघंही रात्रभर फांदीवर बसल्या बसल्या झोपतात.

वानराचं पिल्लू जन्मतं काळं आणि काही महिन्यांत राखाडी होतं. तोवर कळपातल्या मावश्या त्याला या कडेवरून त्या कडेवर फिरवत राहतात, आई तेवढ्यात खाऊन घेते. घर मात्र नेहमी असं गोड नसतं. बहुतेक कळपांत एकच मोठा नर असतो, बाकीचे नर टोळी करून बाहेर हिंडतात आणि संधी मिळताच गादी बळकावतात. नवा नर कधीकधी आधीच्या नराची पिल्लं मारतो. हे १९६२ मध्ये धारवाडजवळ जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी टिपलं, तेव्हा प्राणिशास्त्रज्ञांचाही चटकन विश्वास बसेना. माकडांच्या टोळीत मात्र अनेक नर एकत्र राहतात, एकमेकांच्या उवाही काढतात.

बिबट्या दिसला की वानर खाकरतो आणि सारं रान सावध होतं. शेजारधर्म असा, की वानराचा इशारा ऐकून माकडंही झाडावर चढतात.

टोपीवालं माकड जगात फक्त दक्षिण भारताचं. पश्चिमेकडे त्याची उत्तरेची हद्द तापीपर्यंत, पुढे ऱ्हीसस माकडाचं राज्य, आणि ते खाली सरकत टोपीवाल्याची जागा खातंय. रस्त्याकडेला रोज दिसतं म्हणून टोपीवालं भरपूर आहे असं वाटतं, पण धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. आंब्याचा मोहोर आणि परसातला पावटा गमावलेल्या शेतकऱ्याला हे सांगायला जाऊ नका.

धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावाची तऱ्हा निराळी. तिथे ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ मध्ये आली. ही नोंद कोणी आणि कधी केली, हे गावालाही ठाऊक नाही. कोकणात हे जमायचं नाही. इथल्या सातबाऱ्यावर आधीच इतके हिस्सेदार, की एकरभर जमीन माकडांना द्यायची तरी निम्म्या सह्या मुंबईहून मागवाव्या लागतील.