सर्वांत उंच म्हणून सेंटर? संगणकावरच्या बास्केटबॉल लीगमधले गैरसमज

यवतमाळ जिल्हा क्रिकेट आणि कबड्डीचा. बास्केटबॉलचा विषय निघतो तो शालेय स्पर्धांच्या दिवसांत, चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या गटांचे संघ उभे करायची धावपळ सुरू झाली की. पण अमेरिकेतल्या एनबीएचे सामने आपल्याकडे पहाटे-सकाळी दिसतात, आणि कॉलेजला निघण्याआधी मोबाइलवर ते बघणारी पोट्टी आता आर्णी रोडपासून वणी-पुसदपर्यंत भेटतात. त्यातली काही आणखी पुढे गेली आहेत. ती सिम्युलेशन लीग चालवतात. म्हणजे संघ आपण निवडायचा, करार आपण करायचे, आणि सामना मात्र संगणक खेळणार. ‘बास्केटबॉल जीएम’ हा त्यातला फुकट मिळणारा, ब्राउझरमध्ये चालणारा खेळ. तीस संघ, प्रत्येकात पंधरा खेळाडू, आणि प्रत्येक खेळाडूपुढे आकड्यांची रांग.

या रांगेतून जागेनुसार सर्वोत्तम खेळाडू कसा उचलायचा, यावर जे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. “भाऊ, तो सगळ्यात उंच आहे ना, मंग सेंटरले त्यालेच घे,” हे वाक्य तर ठरलेलंच. वाद घालणाऱ्यांची चूक नाही, कारण यातले बरेचसे गैरसमज खुद्द बास्केटबॉलच्या इतिहासातूनच आलेले आहेत.

“सर्वांत उंच खेळाडू तो सेंटर”

हे एके काळी खरंच होतं. सुरुवातीच्या नियमात प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मधोमध नेऊन उडवला जाई. जो उंच, त्याच्याच संघाकडे चेंडू पुन्हा पुन्हा येणार. १९३६ साली बर्लिनला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिक पदकाचा खेळ झाला, तोही बंदिस्त सभागृहात नाही, उघड्यावर. अंतिम सामना भर पावसात, चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९–८ असं हरवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलने प्रत्येक बास्केटनंतरची ती उडी रद्द केली. उंचीचं ते फुकटचं भांडवल तिथे संपलं, समजूत मात्र अजून टिकून आहे.

आता सेंटरचं काम म्हणजे बास्केटजवळची जागा राखणं, रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्याचा चेंडू, घेणं आणि साथीदाराला मोकळं करण्यासाठी अंगाचा आडोसा देणं. एनबीएच्या २०१५ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटने चौथ्या सामन्यापासून आपला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट बाकावर बसवला, आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीच्या पाचात आणलं आणि सहा फूट सहा इंचांच्या ड्रेमंड ग्रीनकडे मधली जागा दिली. मालिका त्यांनी जिंकली आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला. उलट बाजूनेही उदाहरण आहे. पंजाबचा सतनामसिंग भामरा सात फूट दोन इंच उंच. २०१५ साली डॅलसने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

म्हणून उंचीकडे काणाडोळा करा, असं मात्र नाही. बहुतेक सिम्युलेशनमध्ये उंचीला मोठं वजन दिलेलं असतं, कारण तरुण खेळाडूची नेमबाजी सुधारू शकते, उंची तुम्ही शिकवू शकत नाही. फक्त उंचीचा आकडा बघितला की लगेच शेजारचा रिबाउंडचा आणि बचावाच्या जाणिवेचा आकडाही बघायचा.

“ज्याचे गुण जास्त, तो त्या जागेवर पहिला”

हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण १९६१–६२ च्या हंगामातलं. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनची सरासरी होती सामन्यामागे ५०.४ गुण. २ मार्च १९६२ ला त्याने एकट्याने शंभर गुण केले. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, आणि चेंबरलेन सरासरीने खेळला ४८.५ मिनिटं, कारण जादा वेळ धरूनही तो जवळजवळ कधी बाहेर बसलाच नाही. बोस्टनचा सेंटर बिल रसेल त्याच हंगामात १८.९ गुणांवर होता. रिबाउंडमध्येही चेंबरलेन पुढे: २५.७, रसेल २३.६.

कागदावर प्रश्नच उरत नाही. तरी त्या वर्षीचा ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’ ठरला रसेल. हा किताब तेव्हा खेळाडूंच्या मतांवर ठरत असे. हंगामाचा आदर्श संघ पत्रकार निवडत, आणि त्यांनी सेंटरच्या जागी पहिल्या संघात चेंबरलेनला घेतलं, रसेलला दुसऱ्या. म्हणजे एकाच हंगामात एक माणूस लीगमधला सर्वांत मोलाचा, पण स्वतःच्या जागेवर दुसरा! बोस्टनने साठ सामने जिंकले, फिलाडेल्फियाला सातव्या सामन्यात बाहेर काढलं आणि अजिंक्यपदही नेलं.

यात कोण बरोबर, हा वाद साठ वर्षं झाली तरी मिटलेला नाही. माझं मत खेळाडूंच्या बाजूने आहे. प्रतिस्पर्ध्याचा फटका हुकवणं, त्याला बास्केटकडे येऊच न देणं, अडवलेला चेंडू बाहेर न घालवता आपल्याच माणसाकडे ढकलणं, ही रसेलची कामं गुणतक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिणार? तेव्हा तर अडवलेल्या फटक्यांची अधिकृत नोंदही ठेवत नसत. शिवाय त्या काळचा खेळ फार वेगवान होता. एक संघ सामन्यात सरासरी शंभराहून जास्त फटके घेई. आज हा आकडा नव्वदीच्या आसपास आहे. फटके जास्त तिथे गुण आणि रिबाउंडही जास्त. तुमच्या लीगमध्येही भरधाव खेळणाऱ्या संघातला गार्ड बावीस गुण करतो आणि संथ संघातला अठरा, तेव्हा आधी दोघांनी फटके किती घेतले आणि मिनिटं किती खेळली ते बघा. अठरावाला सरस निघणं मुळीच अवघड नाही.

“स्क्रीनवर लिहिलेली जागा हीच त्याची जागा”

पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड, सेंटर ही पाच नावं सोयीची आहेत, पण ती शिक्क्यासारखी वाचू नयेत. डेन्व्हरचा निकोला योकिच सेंटर आहे आणि २०२४–२५ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी दहाहून अधिक असिस्ट (थेट बास्केट मिळवून देणारे पास) दिले. हे काम पॉइंट गार्डचं. १९८० च्या अंतिम मालिकेत करीम अब्दुल-जब्बार जखमी झाला तेव्हा सहाव्या सामन्यात सेंटर म्हणून उतरला पॉइंट गार्ड मॅजिक जॉन्सन. वय वीस, पहिलंच वर्ष; बेचाळीस गुण, पंधरा रिबाउंड.

शिक्क्याचा हट्ट खुद्द एनबीएला अंगाशी आला. २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षं जोएल एम्बीड ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’ या किताबाच्या मतदानात दुसरा आला, आणि दोन्ही वर्षं त्याला आदर्श संघाच्या दुसऱ्या फळीत जावं लागलं, कारण पहिला योकिचही सेंटरच होता. शेवटी २०२३–२४ पासून हा संघ निवडताना जागेची अटच काढून टाकली.

‘बास्केटबॉल जीएम’मध्येही जागेचं नाव जवळपास माहितीपुरतंच असतं. इंजिन बघतं ते कौशल्याच्या खुणा: हा लांबून तीन गुणांचा फटका मारतो का, चेंडू हाताळतो का, पास देतो का, आतला बचाव करतो का. या खुणा पाच जणांत नीट वाटल्या गेल्या तर एकमेकांना पूरक ठरतात.

“पाच जागांचे पाच सर्वोत्तम घेतले की झालं”

कबड्डीत चारही नावाजलेले चढाईपटू घेतले आणि डावा कोपरा रिकामा ठेवला तर काय होतं, ते इथल्या कुठल्याही गावच्या स्पर्धेत बघायला मिळतं. बास्केटबॉलमध्ये चेंडू एकच आणि तो पाच जणांत वाटायचा. २००३–०४ साली लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चार दिग्गज होते. अंतिम मालिकेत डेट्रॉइटने त्यांना ४–१ असं हरवलं. मलोनचा गुडघा दुखावलेला होता हे खरं, पण डेट्रॉइटच्या बचावाचा मधला खांब होता बेन वॉलेस, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंही नव्हतं.

इथे निवडीचा असा एक हिशेब आहे जो पोट्टी हमखास चुकवतात. समजा, तुमच्या लीगमध्ये चांगले सेंटर चार आहेत: ७४, ७३, ७३, ७२. पॉइंट गार्ड मात्र एकच बरा, ७१, आणि त्याच्या खालचा थेट ६२. पहिली निवड तुमची आहे. बहुतेक जण ७४ उचलतात. तसं केलंत तर तुमची पाळी पुन्हा येईपर्यंत गार्ड गेलेला असतो आणि तुम्ही ६२ वर येऊन पडता. गार्ड आधी घेतला असता तर सेंटरच्या जागी फार तर दोन अंकांचं नुकसान होतं. त्यामुळे खेळाडूचा आकडा नुसता वाचायचा नाही. त्याच जागेसाठी मागून मिळू शकणाऱ्या माणसाच्या आकड्यापासून तो किती दूर आहे, ते मोजायचं. करार ठरवतानाही हेच. ७२ चा सेंटर निम्म्या पगारात मिळत असेल तर ७४ वाल्यासाठी तिजोरी रिकामी करू नका.

“माझा संघ जिंकला म्हणजे माझी निवड बरोबर”

संगणक प्रत्येक चालीला चेंडू कुणाकडे, समोर कोण, फटका जाण्याची शक्यता किती, हे काढतो आणि मग एक यादृच्छिक संख्या घेऊन निकाल लावतो. तोच संघ, तोच हंगाम पुन्हा चालवा, क्रमांक बदलेल. ब्याऐंशी सामन्यांत नशिबाचा वाटा बराच कमी होतो, सात सामन्यांच्या मालिकेत तेवढा होत नाही. दोन निवडींपैकी कुठली चांगली हे बघायचं असेल तर फाइलची प्रत काढून हंगाम अनेकदा चालवावा.

“हे सगळं सट्ट्यातच मोडतं”

घरच्यांची ही काळजी रास्त आहे, पण इथे गल्लत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. मुंबईच्या ‘ड्रीम इलेव्हन’ने आपल्या पैशांच्या स्पर्धा त्यानंतरच बंद केल्या. ज्यात पैसे लावायचे नसतात आणि मिळायचेही नसतात, ते खेळ या बंदीत येत नाहीत. चार मित्रांनी मात्र वर्गणी काढून जिंकणाऱ्याला द्यायचं ठरवलं, तर प्रकरण वेगळं.

“पहिले पाच ठरले की काम संपलं”

एनबीएच्या सामन्यात एका संघाची खेळायची एकूण मिनिटं २४०. सुरुवातीच्या पाचांनी प्रत्येकी चौतीस मिनिटं खेळली तरी ती १७० होतात. उरलेली सत्तर मिनिटं बाकावरच्यांची, म्हणजे जवळजवळ तीस टक्के सामना. त्यात एखाद्याचे सहा फाउल झाले (आपल्या शालेय स्पर्धांत पाचच) की तो बाहेर. म्हणून सहावा माणूस निवडताना एकाच जागेवरचा उत्तम खेळाडू शोधण्यापेक्षा दोन जागा सांभाळणारा, शक्यतो गार्ड आणि फॉरवर्ड दोन्ही खेळणारा बघा. निवडीच्या वेळी अशांकडे फारसं कुणी बघत नाही, त्यामुळे ते स्वस्तातही मिळतात.