जुन्या जीपमधले नवे इंजिन : मीटर, तारा आणि पंप

तळोदा मागे टाकून चांदसैलीच्या घाटाने धडगावकडे निघाले, की चढ आणि वळणे दोन्ही एकदम वाढतात. अशा मुलखात जीप ही हौसेची वस्तू नव्हे. बाजाराचा माल, शाळेचे मास्तर, वेळप्रसंगी अडलेली बाळंतीण, सारे तिच्यातूनच आलेगेलेले आहेत. म्हणून जुनी जीप मोडीत काढायला मालकाचा हात धजत नाही. इंजिन थकले, तर तो दुसरे बसवतो.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात महिंद्र कंपनीने मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिचे मूळ इंजिन पेट्रोलचे. पुढे कंपनीने स्वतःच डिझेल इंजिने वापरली, आणि जुन्या मालकांनीही आपापल्या गाड्यांत ती बसवून घेतली. हे करण्याआधी एक काम विसरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, आणि नोंदणीच्या कागदावर तो बदल चढवावा लागतो. अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिनाचा नंबर ताडून पाहिला, म्हणजे मग त्या कागदाची किंमत कळते.

इंजिन बसवण्याचे काम आपले मिस्त्री लोक उत्तम करतात. गोम पुढेच असते. गाडी सुरू होते, मालक खूश होऊन घेऊन जातो, आणि चार दिवसांनी कळते की मीटरचे काटे हलत नाहीत. काही वेळा ते हलतात, पण खोटे बोलतात. न हलणारा काटा परवडला, खोटे बोलणारा नको.

तो खोटे का बोलतो? पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या विजेच्या मीटरचे दोन भाग असतात. एक काटा समोरच्या फळीवर, आणि दुसरा सेंडर इंजिनात, पाण्याच्या वाटेवर. सेंडरच्या पोटात असा पदार्थ असतो की तो जसा तापेल तसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. मग वीज जास्त वाहते आणि काटा वर चढतो. आता नव्या इंजिनात त्याचा स्वतःचा सेंडर आणि फळीवर जीपचे जुने मीटर, अशी जोडी लागली, तर दोघांची भाषाच वेगळी. पाणी उकळते आहे आणि काटा निवांत अर्ध्यावर, असेही होते. घाटात याचा अर्थ हेड वाकणे किंवा इंजिन जाम होणे, म्हणजे मालकाचा हंगाम बुडाला. यासाठी मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे घ्यावेत. तेलाच्या दाबाचेही तेच. त्यात आणखी एक फसगत आहे. पुष्कळ इंजिनांवर फक्त लाल दिवा लावणारा स्विच असतो. त्याला मीटर जोडले, तर काटा या टोकाला नाहीतर त्या टोकाला, मधे कोठे थांबायचा नाही.

तापमानाची परीक्षा शाळेतही करून दाखवता येईल. सेंडरचे टोक उकळत्या पाण्यात धरा, त्याच्या धातूच्या अंगापासून एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला न्या, माथ्यावरची तार मीटरला जोडा आणि चावी फिरवा. काटा शंभराच्या आसपास गेला पाहिजे. मात्र तोरणमाळच्या गुरुजींनी हे ध्यानात ठेवावे, की त्यांचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळते. तेव्हा मीटरला उगाच दोष देऊ नये!

सुरुवातीच्या जीपांची वीज ६ व्होल्टची होती. आताचे इंजिन १२ व्होल्टचे. त्यामुळे जुने दिवे, मीटर, भोंगा सारे बदलावे लागते. जुन्या अँपिअर मीटरमधून गाडीची बहुतेक सगळी वीज जाते. जुन्या डायनमोच्या मानाने ते ठीक होते. नव्या अल्टरनेटरची वीज त्यातून नेली, तर त्याचे स्क्रू तापतात आणि फळीमागेच आग लागू शकते. त्यापेक्षा व्होल्ट मीटर बसवावे. इंजिन बंद असता भरलेली बॅटरी १२.६ च्या सुमारास आणि चालू असता १४ च्या आसपास दिसली, की चार्जिंग ठीक समजावे.

तारेच्या बाबतीत कंजुषी नको. डिझेल इंजिनाला हीटर प्लग असतील, तर चार प्लग मिळून ४० अँपिअरच्या घरात वीज ओढतात. ती चावीतून न नेता जाड तारेने, रिलेमधून न्यावी. आणि फ्यूज बॅटरीजवळ हवा. तो दूर असला, तर मधली तार राखणार कोण?

अर्थिंग तर हमखास विसरते. इंजिन रबरावर बसलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये जाड पट्टी पाहिजेच. ती नसली, तर सेल्फ मारताना वीज अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल लाल होते. दिवे लावताच सगळे काटे डोलू लागले, तर प्रथम ही पट्टी पाहा.

आता पंप. जुन्या जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, म्हणून येथे हयगय म्हणजे आगीवर बसणेच. पेट्रोल इंजिनाच्या कुशीला पडद्याचा पंप असतो. इंजिन फिरते तसा तो चालतो, इंजिन थांबले की थांबतो. त्याच्या जागी विजेचा पंप लावला, तर ही सोय जाते. गाडी कलंडली, इंजिन बंद पडले, तरी चावी चालू आहे तोवर पंप पेट्रोल ओततच राहील. म्हणून त्याची वीज तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचमधून न्यावी. दाब गेला की पंप बंद. सुरू करतेवेळी दाब नसतो, तेवढ्यापुरती सेल्फच्या तारेची वीज द्यावी. कार्बुरेटरला हवा असतो वातावरणाच्या पाव पट दाब. इंजेक्शनच्या मोटारीचा पंप तिप्पट दाब देतो. असा पंप कार्बुरेटरवर लावला, तर पेट्रोल बाहेर वाहणार.

डिझेलला हे सारे निराळे. पंपाकडून आणि नोझलकडून उरलेले डिझेल टाकीत परत यावे लागते. पेट्रोलच्या टाकीला ही परतीची नळी नसते, ती नव्याने करावी लागते. टाकीला झाळ देण्यापूर्वी ती पूर्ण रिकामी आणि वाफमुक्त करावी. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातकी असते, कारण पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. काही पंपांवर डिझेल बंद करणारा विजेचा सोलेनॉइड असतो. त्याची तार सैल झाली, तर चालते इंजिन भर चढात मरते. तेव्हा ही तार स्वतंत्र फ्यूजची आणि पक्क्या जोडाची असावी.

नवी नळी जोडल्यावर पंपात हवा धरतेच. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आले, की हातपंप न सोडता स्क्रू आवळा. मग नोझलची चाके सैल करून सेल्फ मारा. मात्र तेथे बोट लावू नका. त्या नळीतला दाब शंभर वातावरणांच्या वर जातो आणि डिझेल सुईसारखे कातडीत शिरते. तसे झाले, तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.