खाचेत मावणारा वेळ
तबकडीचं जग : लेखांक ६

लाखेपासून तबकडी कशी बनत असे, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्या तबकडीवरच्या खाचेकडे वळू. रेकॉर्ड जमवणाऱ्याला या खाचेचं गणित कळायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. सुई कोणती लावायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, इतकंच काय, गवयाने अंतरा का गाळला, हे सगळं तिच्यावरूनच ठरतं.

एका बाजूला खाच एकच असते. कडेपासून निघून गोल गोल फिरत ती मधल्या लेबलापर्यंत जाते. जुन्या ७८ च्या तबकडीवर ती चांगली रुंद असे आणि तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. त्यामुळे १० इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. १२ इंची असली तर चार-साडेचार मिनिटं मिळत. खाच बारीक करून जास्त वेळ का मिळवला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, मिश्रणात दगडाची पूड असे आणि तिच्यावर सुई घासली जाऊन सतत खरखर होई. खाच बारीक केली असती तर आवाजही बारीक झाला असता आणि त्या खरखरीत बुडाला असता.

जून १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड, म्हणजे एलपी, बाजारात आणली. शेलॅकच्या जागी विनाइल आलं, वेग ७८ वरून ३३⅓ वर उतरला आणि खाच जवळजवळ एक तृतीयांश रुंदीची झाली. यातली खरी किल्ली विनाइलची. त्याचा पृष्ठभाग शांत असल्यामुळेच बारीक खाच परवडली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. बावीस मिनिटांच्या बाजूवर खाचेचे सुमारे ७३० वेढे असतात आणि तेही जेमतेम साडेआठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. ती खाच उलगडून सरळ केली तर लांबी अर्ध्या किलोमीटरच्या जवळ जाईल.

हे आकडे आपल्या संगीताच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तिथपासून पुढची जवळपास पन्नास वर्षं ज्याने तबकडीसाठी गायलं, त्याने तीन-साडेतीन मिनिटांच्या मापात गायलं. बैठकीत तास-दीड तास चालणारा ख्याल या मापात कसा बसवायचा? पुष्कळ जाणकार या तबकड्यांना ‘नमुना’ म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या लक्ष देऊन ऐका. आलापीला ऐसपैस जागा नाही, म्हणून पहिल्या एक-दोन स्वरवाक्यांतच राग उभा करावा लागतो. मुखडा किती वेळा घ्यायचा, अंतऱ्याला हात घालायचा की नाही, तान कुठे ठेवायची, सगळा हिशेब आधी मनात पक्का हवा. मुद्रणाच्या वेळी चुकलं तर दुरुस्तीची सोय नव्हती, सबंध बाजू पुन्हा गावी लागे. ही वेगळी रचना आहे आणि ती साधणं ही स्वतंत्र विद्या होती. बैठक गाजवणाऱ्या प्रत्येकाला ती साधली असं नाही.

काहींनी तर तबकडीला आवाज दिलाच नाही. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं तबकडीवर नाही, भास्करबुवा बखल्यांचंही नाही. भास्करबुवांचा माग बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या तबकड्यांवरून काढावा लागतो. जयपूर घराण्याच्या मूळ पुरुषाकडे, म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांकडे, जायचं तर मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर यांच्या वाटेनेच जावं लागतं. या शिष्यांच्या तबकड्या नसत्या तर आज आपल्या हाती फक्त आठवणी आणि आख्यायिका उरल्या असत्या.

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. ध्वनिमुद्रणाबाबत त्या अतिशय चोखंदळ होत्या, म्हणून त्यांच्या तबकड्या मोजक्याच आहेत. त्यांतल्या एका भैरवीचा प्रवास तुम्ही ऐकला असेल. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची ‘जात कहाँ हो’ आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली. पण रेकॉर्ड काही केल्या मिळेना. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या तीन कोऱ्या प्रती सापडल्या. जगभरातून निवडलेल्या संगीतात आपल्या रागसंगीताच्या वाट्याला आली ती साडेतीन मिनिटं, म्हणजे ७८ च्या एका बाजूचं माप! ती सोनेरी तबकडीसुद्धा खाचेचीच आहे. सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं, व्यास १२ इंच आणि वेग मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे एलपीच्या निम्मा. कमी जागेत जास्त वेळ बसवायचा तर वेग उतरवायचा, हा १९४८ चाच मार्ग तिथेही धरला. दुसरं व्हॉयेजर ऑगस्टमध्ये निघालं, पहिलं ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या.

एलपीने आपल्या गायकांना काय दिलं, हे समजून घ्यायला मी नेहमी एकच रेकॉर्ड सुचवतो : अमीर खाँसाहेबांची, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. त्यांच्या अति विलंबित झुमऱ्याचं चौदा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिट ते मिनिटभर चालतं. ७८ च्या बाजूवर अशी तीन-चार आवर्तनं झाली की सुई लेबलाला टेकली असती. ही गायकी त्या मापात बसणारीच नव्हती. एलपीवर मात्र मारव्याचा कोमल रिषभ हवा तितका वेळ थांबतो आणि षड्जाची ओढ ऐकणाऱ्याला जाणवत राहते. वाद्यसंगीताला ही मोकळीक थोडी आधी मिळाली. अली अकबर खाँसाहेबांची १९५५ मधली न्यूयॉर्कची एलपी ही हिंदुस्थानी रागसंगीताची पहिली एलपी मानली जाते. सुरुवातीला यहुदी मेन्युहिन यांनी श्रोत्यांना वाद्यांची ओळख करून दिली आहे.

भारतात मात्र ७८ लगेच संपली नाही. चावीवर चालणारे फोनो घरोघर होते, खेड्यापाड्यांत वीज नव्हती. त्यामुळे १९६० चं दशक उलटेपर्यंत इथे ७८ निघत राहिल्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर निघाली. परदेशी संग्राहक आज त्या तबकड्यांच्या शोधात असतात.

एलपीने वेळ दिला, पण एक अडचणही आणली. ख्यालाच्या श्रोत्यांना ती विशेष जाणवते. तबकडी फिरते एकाच गतीने, मात्र कडेचा वेढा मोठा आणि आतला लहान. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. तेवढ्याच आवाजाच्या लाटा निम्म्याहून कमी जागेत दाटीने बसतात आणि सुईला त्या नीट वाचता येत नाहीत. पाश्चात्त्य पॉपच्या रेकॉर्डवर निर्माता शेवटी एखादं संथ गाणं ठेवून वेळ निभावून नेऊ शकतो. आपल्याकडे क्रम उलटा चालत नाही. कडेला विलंबित सुरू होतं आणि द्रुत, तार सप्तक, सपाट ताना हे सगळं नेमकं आतल्या, अडचणीच्या पट्ट्यात येतं. बाजूच्या शेवटी तानेचा दाणा फुटल्यासारखा वाटला तर गवयाला किंवा रेकॉर्डला दोष देण्याआधी सुई तपासा. साध्या गोल टोकाच्या सुईऐवजी लंबगोल टोकाची, म्हणजे एलिप्टिकल सुई या पट्ट्यात पुष्कळ फरक पाडते. खर्च करायचाच असेल तर मी नव्या स्पीकरआधी सुईवर करीन.

सुईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ७८ च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, एलपीला १८ ते २५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथली सगळी धूळ वाचते. उलट केलं तर नासाडीच. चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड असतो आणि त्यातली स्टीलची सुई दर बाजूला बदलायची असते. एलपीच्या टर्नटेबलवर हा भार दीड-दोन ग्रॅम असतो. हल्ली शोभेसाठी पितळी कर्ण्याचे फोनो विकले जातात आणि हौसेने त्यांवर घरातली एलपी लावली जाते. एकदा लावलेली ती एलपी पुन्हा पूर्वीसारखी वाजत नाही. मोठ्यांनी जपलेली रेकॉर्ड अशी घालवू नका.

जुन्या बाजारातून एलपी आणली की लेबलवरचा क्रमांक वाचा. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ‘ईएएलपी’ किंवा ‘ईसीएलपी’ अशी अक्षरं असतील तर ती मोनो, ‘ईएएसडी’ किंवा ‘ईसीएसडी’ असतील तर स्टिरिओ. मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंती दोन वेगळे आवाज सांभाळतात. अॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने ही युक्ती १९३१ मध्येच मांडली होती, बाजारात यायला १९५० चं दशक सरत आलं. मोनो रेकॉर्ड ऐकताना अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते जरूर दाबा. खाचेतल्या धुळीमुळे सुई वरखाली उडते. त्या उडण्याचा आवाज अशाने रद्द होतो आणि बरीचशी खरखर नाहीशी होते. पैसा न लागणारी याहून चांगली सुधारणा मला माहीत नाही.

आता वेग. ‘७८’ हा आकडा जुन्या तबकड्यांच्या बाबतीत ढोबळच समजायचा. विशेषतः १९२५ मध्ये विजेचं मुद्रण येण्याआधीच्या तबकड्या ७० पासून ८० च्या पुढपर्यंत कोणत्याही वेगाच्या असू शकतात. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. ७८ ची तबकडी साडेत्र्याहत्तरने फिरवली तर काळी एकचा गवय्या पांढरी एकमध्ये गाऊ लागतो. लय मंदावते आणि आवाजाची जातही बदलते. एखाद्या गायकाच्या पट्टीबद्दल जुन्या तबकडीवरून छातीठोक विधानं करणाऱ्यांनी हे आधी तपासायला हवं. साथीला पेटी असेल तर थोडा आधार मिळतो : पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत असेल तर वेगाबद्दल शंका घ्या. अर्थात जुन्या पेट्यांचे सूर आजच्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. तबकडी कोणत्या वर्षी, कोणत्या फेरीत मुद्रित झाली हे कळलं की त्याच फेरीतल्या इतर तबकड्यांशी ती ताडून पाहता येते. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले मॅट्रिक्स क्रमांक इथे उपयोगी पडतात. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर यांनी भारतातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांच्या याद्या याच क्रमांकांच्या आधारे लावल्या. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने हे काम हौशी माणसांपर्यंत पोचवलं. त्यांचे कष्ट नसते तर आपण आजही अंदाजानेच बोलत असतो.

तुमचं टर्नटेबल खरोखर किती वेगाने फिरतं, हे घरीच पाहता येतं. कागदाच्या चकतीवर सारख्या अंतराने किरणांसारख्या रेघा काढायच्या, ७८ साठी ७७ आणि ३३⅓ साठी १८०, आणि ती फिरत्या तबकडीवर ठेवायची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. वेग बरोबर असेल तर त्या उजेडात रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे सरकत असतील तर कमी. बऱ्याच एलईडी दिव्यांत ही उघडझाप नसते, तिथे हा प्रयोग जमणार नाही.

शेवटी धुण्याबद्दल, कारण बाजारातून आणलेली रेकॉर्ड तशीच लावायची नसते. विनाइलची एलपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसावी. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. लेबल भिजू देऊ नये. काही जण या पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, विनाइलला ते चालतं. ७८ ला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नका. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं, लाकडाला पॉलिश करणारे सुतार ते त्यातच तर कालवतात. हात चुकला तर गाण्यासकट खाचच पुसली जाते. रेकॉर्ड कशाची आहे याची खात्री नसेल तर कडेला बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारा. शेलॅक जड असतं आणि कपबशीसारखं खणकन वाजतं, विनाइलचा आवाज बद्द येतो. शंका उरली तर नुसतं डिस्टिल्ड वॉटर वापरा, आणि धुतलेली तबकडी पूर्ण सुकल्याशिवाय कव्हरात घालू नका. दमट कव्हरात काय होतं आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात संग्रह कसा सांभाळावा, ते पुढच्या आठवड्यात.