आकडा म्हणजे निकाल नव्हे

मुलाची बुद्धी आकड्यात मापता येते काय? १९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेद बिने व थिओदोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची चाचणी रचली, ती अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांस साहाय्य मिळावे म्हणून. पुढे १९२१ साली अमेरिकेतील लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात प्रज्ञावान मुले निवडण्यास आरंभ केला. विल्यम शॉक्ली व लुईस अल्वारेझ हे त्या निवडीत बसले नाहीत. तथापि १९५६ व १९६८ साली त्यांस पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक लाभले! म्हणून चाचणी व्यर्थ, असे आम्ही म्हणत नाही. हुशार मूलही वर्गात कंटाळते, एकटे पडते. त्याचा कल व अडचण ओळखण्यास ती उपयोगी पडते. मायबापहो, आकडा ऐकून उठू नका. पुढे काय करावे, हे सल्लागारास व शिक्षकांस अवश्य विचारा.