टायमिंग बेल्ट : तुटायची वाट पाहू नका

उरण भागात आता बऱ्याच घरांच्या अंगणात लहान मोटार दिसते. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून चिर्ल्याहून थेट शिवडी गाठता येते. पण सुमारे 22 किलोमीटरच्या या पुलाचा साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावर आहे. आजारी माणसाला नेताना तिथे इंजिन बंद पडले तर काय गत होईल?

आपल्या डिझेल पंपात आणि बहुतेक ट्रॅक्टरांत व्हॉल्व्हची वेळ लोखंडी दातेरी चाके सांभाळतात. कित्येक मोटारींत ते काम रबरी दातेरी पट्टा करतो. काहींत साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे, ते पुस्तिकेत पाहावे.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. पट्टा तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र फिरत राहतो. पुष्कळ इंजिनांत, विशेषतः डिझेलमध्ये, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरविण्याचा खर्च अंगावर पडतो.

पट्टा बदलण्याची मुदत बहुधा 60 हजार ते एक लाख किलोमीटर असते. पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. गाडी कमी फिरली तरी रबर वयाने पिकते, म्हणून वर्षांची मुदतही पाळावी. तेल गळून पट्ट्यावर आले तर तो लवकर खराब होतो.

ज्यांचा हात पाना-पकडीला सरावलेला आहे, त्यांनी साध्या पेट्रोल गाडीचे काम पुस्तिका समोर ठेवून करावे :

1. इंजिन थंड होऊ द्यावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना अडणी लावावी. बॅटरीची ऋण तार सोडावी. गाडी उचलल्यास घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये.
2. क्रँक नेहमीच्या दिशेनेच पान्याने फिरवून क्रँक व कॅमच्या खुणा जुळवाव्यात.
3. ताण देणारी पुली सैल करून पट्टा काढावा. त्यानंतर क्रँक किंवा कॅम हलवू नये.
4. पुल्या हाताने फिरवून पाहाव्यात. खरखर किंवा तेलगळती असेल तर ते काम आताच उरकावे. पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपही तपासावा.
5. नवा पट्टा दुमडू नये, पान्याने ओढून चढवू नये. त्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा. ताण पुस्तिकेप्रमाणे द्यावा.
6. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. मध्येच अडकल्यास जोर लावू नये. एखादा दाता चुकलेला असेल. सर्व जुळल्याशिवाय चावी फिरवू नये.

ज्या डिझेल गाडीत इंधनपंपही याच पट्ट्यावर चालतो किंवा कॅम अडकवायला खास खिळ्या लागतात, ती जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावी. त्याची मजुरी हेडच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडते.

काम झाल्यावर तारीख व किलोमीटर चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावे. भातलावणीच्या घाईत आठवण राहत नाही. पाऊस लागण्यापूर्वी एकदा ती चिठ्ठी अवश्य वाचावी.