बीपीची गोळी मिळते, पण ‘मीठ कमी करा’ हे समजावणार कोण? आरोग्य कर्मचाऱ्यांची अडचण काय आहे

बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बघा. केसपेपर, बीपी, गोळ्या, पुढचा पेशंट. जाता जाता ‘मीठ कमी खा, तंबाखू सोडा’ एवढं कानावर पडतं. पेशंट मान हलवतो आणि बाहेर येऊन पुडी फोडतो.

डॉक्टर, नर्स, आशाताई यांना हे दिसत नाही असं नाही. सल्ला देणं आपलं काम आहे हे त्यांना मान्य असतं. पण रांग दारापर्यंत असताना बसून बोलायचं कधी, हा पहिला प्रश्न. दुसरा मनातला: सांगून तरी लोक ऐकतात का? शिवाय पेशंटलाही गोळी-इंजेक्शन मिळालं तरच ‘दवाखाना झाला’ असं वाटतं. नुसतं बोलून पाठवलं तर डॉक्टरांनी काहीच दिलं नाही, अशी तक्रार गावभर होते.

आशाताईंची अडचण आणखी वेगळी. 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म त्या भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचं माप, व्यायाम आणि घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, हे विचारून गुण देतात. गुण 4 पेक्षा जास्त आले तर त्या माणसाची तपासणी आधी करायची. आता गावच्या सुनेनं सासऱ्याच्या वयाच्या माणसाला ‘दारू किती घेता?’ विचारायचं कसं? मग उत्तर ‘नाही’ असं लिहिलं जातं आणि गुण कमी पडतात. यात नुकसान त्या माणसाचंच. धोका असूनही त्याचं नाव मागे राहतं.

सल्लाही कधी कधी चुकीच्या जागी जातो. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला ‘रोज चालत जा’ म्हटलं तर ती हसणारच. तिच्याशी बोलायला हवं ते मिश्रीबद्दल. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासायला घेतली तरी तिची सवय लागते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ पुरे. भाजीतलं मीठ आपण धरतो, पण पापड, लोणचं, ठेचा, फरसाण हिशेबात धरत नाही. जास्त मिठामुळे शरीरात पाणी धरून राहतं आणि रक्तदाब चढतो. त्यामुळे गोळी चालू असूनही आकडा 140/90 च्या खाली येत नाही, असं होऊ शकतं. सल्ला ऐकायला हवा तो स्वयंपाक करणाऱ्या माणसानं, आणि रांगेत उभा असतो एकटा पेशंट.

यावर उपाय गावातच आहे. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तिथं गर्दी सहसा कमी असते. बीपी-शुगर मोजायला जाताना घरच्या स्वयंपाकिणीला सोबत न्या आणि खाता-पिता ते खरं सांगा. ‘सगळं सोडा’ म्हणाले तर ‘आधी काय सोडू?’ असं विचारा. बरं वाटलं म्हणून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

तंबाखू सोडायचा असेल तर पुडीवर छापलेला 1800-11-2356 हा नंबर मोफत आहे.